हौदाजवळची माती

माझ्या आत्याच्या शेतात विहिरीला लागून वीसेक गुंठ्यांचा एक तुकडा होता. गावच्या शिवारात इतकी काळीभोर जमीन दुसरी नव्हती, आणि तिथं धड गवतही येत नव्हतं. या तुकड्यातल्या मातीवर मी एम.एस्सी.चा प्रबंध लिहिला, पहिला वर्ग मिळवला, पुढं नोकरीही त्याच्याच जिवावर लागली. आत्याला त्यातून काय मिळालं हे सांगायला मी बरीच वर्षं लावली, कारण त्यात माझी बाजू लंगडी आहे.

आमच्याकडं मोसंबीचे दिवस होते तेव्हापासून सुरुवात करायला हवी. गावातल्या बागाईतदारांनी मिळून एक सहकारी संस्था काढली होती. संस्थेचा एक टेम्पो होता, एक फवारणीचं यंत्र होतं आणि सचिव म्हणून माझे वडील होते. मोसंबीच्या खोडातून डिंक गळायला लागला की झाड हळूहळू वाळत जातं. त्यावर इलाज म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं बोर्डो. प्रत्येकानं आपापल्या बागेत कालवत बसण्यापेक्षा सगळ्यांचं एकाच ठिकाणी कालवावं असं ठरलं. उन्हाळ्यातही पाणी टिकायचं ते आत्याच्या विहिरीला. मग संस्थेनं तिच्या विहिरीजवळ दोन हौद बांधले. भावाची संस्था आणि बहिणीची विहीर, त्यामुळं कागद-बिगद कुणी केला नाही.

या औषधात चुना कमी पडला तर ते झाडाची साल जाळतं. ते ओळखायची खूण सोपी आहे. लोखंडी विळा हौदात बुडवून थोडा वेळ धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घालायचा. एवढंच. पण आमच्या गावानं या खुणेचा अर्थ आपल्या परीनं लावला. पहिल्याच वर्षी एका बागेत लाल विळ्याचं औषध लागलं आणि झाडं करपली. तेव्हापासून विळा लाल निघाला की हौदाभोवतीची माणसं दोन पावलं मागं सरायची. "रगत दिसलं, बाटलं औषध," असं कुणीतरी म्हणायचं आणि विषय संपायचा. चुना घालून सावरायला कुणी धजत नव्हतं. कालवण खारट झालं तर सावरता येतं, औषध बाटलं की बाटलं, असा हिशेब. अख्खा हौद पाटात सोडून द्यायचे आणि नव्यानं कालवायला घ्यायचे.

पाट जायचा आत्याच्या त्या काळ्या तुकड्यात. विळा धरायचे माझे वडील. गंमत अशी की 'थर दिसल्यास चुना वाढवावा' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेला कागद संस्थेच्या कपाटाच्या दाराला आतून डकवलेला होता, आणि तो वडिलांनीच डकवला होता. कपाट उघडायचं तर कुलूप काढावं लागायचं, आणि कुलूप फक्त सभेच्या दिवशी निघायचं.

मला तो निळा रंग भारी आवडायचा. आत्याची पांढरी शेळी एकदा ओल्या पाटात जाऊन बसली आणि आठवडाभर निळ्या पोटानं गावात फिरली. लोक बघायला यायचे. आत्या हसून म्हणायची, "बगा, आमच्या शेळीला बी बोर्डो लावलाय, आता तिला डिंक्या होत न्हाई." तेव्हा ती हसायची, हे मुद्दाम लिहून ठेवते. त्या वर्षांत आत्या आणि मामा घरी राहत होते. मामा म्हणजे आत्याचे मालक. त्याआधी ते दोघं दर दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडायला जायचे. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला कुणी कोयता म्हणत नाही. मोसंबी होती तोवर या कोयत्याला गाव सोडावं लागलं नाही.

मग पाऊस लागोपाठ चुकला. विहिरी आटल्या, टँकरचं पाणी माणसांना पुरेना तर झाडांना कुठून घालणार? ज्या खोडांना दर वर्षी बोर्डो लावला ती सरपण म्हणून गेली. संस्था अवसायनात निघाली. हौद फुटले, तुकडा पुन्हा पेरायला मोकळा झाला. आत्याची बाकीची जमीन माळाची, मुरमाड. दोन दिवस ऊन पडलं की तिची भाकरी होते. ओल धरून ठेवणारी जमीन म्हणजे हा तुकडाच. तिनं त्यात मूग पेरला, पिवळा पडला. तीळ पेरला, बोटभर वर येऊन थांबला. कोयता पुन्हा दिवाळीला गाव सोडायला लागला. आत्याचे गुडघे तोवर कुरकुरायला लागले होते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं म्हणजे गुडघे लागतात.

त्याच सुमारास मी बीडला कॉलेजात जिवाणूशास्त्र शिकत होते. प्रबंधाला विषय हवा होता. मातीत जड धातू साचले तर तिथले जिवाणू काय करतात, असा एक विषय सरांनी सुचवला आणि मला आत्याचा तुकडा आठवला. मोरचूद म्हणजे तांबंच. भर उन्हाळ्यात मी एसटीनं गावी गेले, खुरपं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन. आत्या शेजारी उभी राहून माझ्याकडं बघत होती.

"तांब्यानं माती मरती? आगं, देवाचा तांब्या तांब्याचा, प्यायचं पाणी आमी तांब्याच्या हंड्यात भरताव."

"हंड्याचं अगदी थोडं पाण्यात उतरतं, आत्या. इथं हौदच्या हौद ओतलेत."

"मग ते तुजे किडे मेले असतील सगळे."

"तेच बघायचंय."

तिनं माझ्या पिशवीतली माती चिमटीत घेऊन चोळली. मग म्हणाली, "बगून सांग. ह्या वावरात तूर आली, चार वाफे मेथी-कोथमिर आली, तर मी औंदा फडावर जाणार न्हाई. मला लई न्हाई पायजे. घरी ऱ्हायापुरतं पायजे." आत्यानं माझ्याकडं आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट.

प्रयोगशाळेत त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं. आम्ही मुली घरून कॅन भरून आणायचो आणि ते पाणी उकळून, गाळून वापरायचो. मी दोन मातींची तुलना केली: एक हौदाजवळची, एक बांधापलीकडची चांगली. दोन्ही पाण्यात मिसळून, पातळ करून, काचेच्या बशांमध्ये थिजवलेल्या खाद्यावर पसरवली. काही बशांत नुसतं खाद्य, काहींत मोरचूद घातलेलं. दोन दिवसांनी बशा बाहेर काढल्या. मोरचुदाच्या बशांवर चांगल्या मातीचं जवळजवळ काहीच उगवलं नव्हतं. आणि हौदाजवळच्या मातीच्या बशा? गच्च भरल्या होत्या! टाचणीच्या डोक्याएवढे पिवळसर, पांढरे, चकचकीत ठिपके. एकेक ठिपका म्हणजे लाखो जिवाणूंची वस्ती. ज्या मातीत मूग जगत नाही तिथं हे असे नांदत होते.

मला इतका आनंद झाला की मी हात धुतले आणि थेट आत्याला फोन लावला. "आत्या, तुझी माती जिवंत आहे. तांब्यातसुद्धा जगणारे जिवाणू तयार झालेत."

"म्हंजी पेरावं का?"

इथं मी जर "थांब, सरांना विचारते" म्हटलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. मी म्हटलं, "पेर की."

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. पुनर्वसूत पावसाचे थोडे शिंतोडे पडले. आत्यानं त्या तुकड्यात तूर पेरली, मध्ये मूग टाकला. गावात जो भेटेल त्याला सांगितलं की माझ्या भाचीनं माती बरी केली.

श्रावण लागता लागता मी प्रबंधाचा मसुदा सरांपुढं ठेवला. शेवटी वाक्य होतं: 'तांबं पचवणाऱ्या जिवाणूंमुळं ही जमीन सुधारत आहे.' सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकच प्रश्न विचारला. "तांबं गेलं कुठं?"

मी माती पुन्हा तपासायला पाठवली. आकडा आला, तो उन्हाळ्यातल्या पहिल्या तपासणीच्या आकड्याहून हलला नव्हता. आमची काळी चिकण माती तांब्याला घट्ट धरून ठेवते. ते ना खाली झिरपतं, ना वाहून जातं. पूर्वी होतं तिथंच होतं सगळं.

मग मी नीट वाचायला बसले, जे आधी करायला हवं होतं. जिवाणू तांबं पचवत-बिचवत नाहीत. ज्यांच्याकडं ती सोय असते त्यांच्या अंगात बारीक पंप असतात. तांबं आत शिरलं की ते उपसून बाहेर टाकतात. पुन्हा शिरतं, पुन्हा उपसतात. गळक्या घरातलं माणूस रात्रभर घमेल्यानं पाणी फेकतं तसं. घर बुडत नाही, पाऊसही थांबत नाही. आणि हे कुणी एका दिवसात शिकलेलं नसतं. पहिला हौद ओतला तेव्हा बहुतेक सगळे मेले असणार. ज्या थोड्यांकडं पंप होता ते उरले, त्यांची पिल्लावळ वाढली. ही कला लिहिलेला जनुकांचा एक छोटा तुकडा ते एकमेकांना देतातही, नात्यागोत्याबाहेरच्या जिवाणूलाही. शेजारणीनं वाटीभर विरजण द्यावं तितक्या सहज. हे वाचताना मी खरोखर हरखून गेले होते, आजही हरखते. पण ही त्यांच्या चिवटपणाची गोष्ट होती. माती बरी होण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

सरांनी मला साध्या खाद्याच्या बशा पुन्हा बघायला लावल्या. मी ठिपके मोजले होते, ठिपक्यांचे प्रकार मोजले नव्हते. चांगल्या मातीच्या बशीत रंगारूपाचे कितीतरी प्रकार होते. हौदाजवळच्या बशीत ठिपके तितकेच, पण सगळे तीन-चार घराण्यांतले. तुरीच्या मुळाशी गाठी करून तिला नत्र पुरवणारे जिवाणू मी शोधून शोधून थकले, ते सापडले नाहीत. म्हणजे गजबज होती, पण ज्यांच्यावर पीक जगतं ते तिथून उठून गेले होते. जमीन खरंच सुधारायची तर वरची हातभर माती काढून तिथं तळ्याचा गाळ टाकायला हवा होता. उन्हाळ्यात आमचं तळं ठणठणीत कोरडं होतं, गाळ न्यायला मुभा होती, गावातल्या कितीतरी जणांनी नेला. आत्यानं नेला नाही, कारण माती बरी झाल्याचं तिला मी सांगितलं होतं.

हे सगळं मला पोळ्याच्या दोन आठवडे आधी कळलेलं होतं. ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही.

पोळ्याला मी गावी गेले ते सांगायचं ठरवूनच. गावात बैल मोजकेच उरले होते, बाकीचे चारा छावणीला. आत्यानं पुरणपोळी केली होती. जेवायच्या आधी ती मला हाताला धरून वावरात घेऊन गेली. तूर वीतभर, पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मूग त्याहून वाईट. मी एक रोप उपटलं. मूळ आखूड, तपकिरी, जळालेल्या वातीसारखं, आणि त्यावर एकही गाठ नाही. मी ते रोप हातात धरून उभी राहिले.

"पाऊसच न्हाई तर काय करील बिचारी," आत्या म्हणाली. "सगळ्यायचीच तशी हाय. एक पाऊस पडू दे, कशी उठती बग."

खोटं नव्हतं. त्या वर्षी सगळ्याच शिवाराची तूर पिवळी होती. दुष्काळ हा चुका लपवायला फार सोयीचा आडोसा आहे. मी त्याच्या मागं उभी राहिले.

घरी आलो तर ऊसतोडीचा मुकादम ओट्यावर बसलेला. टोळी बांधायची तर त्याला पोळ्याला होकार लागतो. नाहीतर तो दुसरा कोयता बघतो. तो गावातलाच, आत्याच्या गुडघ्याची जाण असलेला. तिला जवळच्या कारखान्याला नेतो, मोळ्या वाहायला न लावता तोडणीला ठेवतो, असं त्यानं कबूल केलं. यापेक्षा चांगलं तिला पुन्हा कुणी देणार नव्हतं.

"औंदा न्हाई येत आमी," आत्या म्हणाली. "माझ्या भाचीनं वावर जितं केलंय."

मुकादमानं माझ्याकडं पाहिलं. "खरं का हो, म्याडम?"

मामाही बघत होते. माझे वडीलही होते तिथं, भिंतीला टेकून बसलेले. बोलायचं तर मला सगळंच बोलावं लागणार होतं: की ही माती मेली ती हौदांमुळं, आणि प्रत्येक हौद सोडायच्या आधी विळा धरणारा हात समोर भिंतीला टेकून बसला आहे. सणाच्या दिवशी, चार माणसांत, बापाला बहिणीसमोर उघडं पाडायचं का? हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिलं आणि ते पुष्कळसं खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. गावात माझं नाव झालं होतं, ते मला उतरवायचं नव्हतं. मी चहाची बशी तोंडाला लावली आणि मान हलवली. होकार की नकार हे ज्याचं त्यानं ठरवावं, अशी. मुकादमानं होकार धरला आणि चहा संपवून दुसऱ्या घरी गेला.

पुढं पाऊस पडला नाही असंही नाही. परतीचा एक बऱ्यापैकी पडला. शेजारची तूर उठली, फुलावर आली. आत्याची तशीच राहिली. आता आडोसा उरला नव्हता. आत्या रोज बांधावर उभी राहून एकदा शेजारच्या तुरीकडं आणि एकदा आपल्या तुरीकडं बघायची, असं मला वडिलांनी फोनवर सांगितलं. त्यापुढं ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आमच्या दोघांत हा गप्प बसायचा गुण सारखाच उतरला आहे.

प्रबंधातलं ते वाक्य मी खोडलं आणि बरोबर वाक्य लिहिलं. परीक्षकांनी कौतुक केलं. आज मी शिकवते, आणि कुणी विद्यार्थी 'जिवाणूंनी परिस्थितीशी जुळवून घेतलं' असं आनंदानं सांगायला लागला की मी त्याला विचारते, बाकीचे कुठं गेले, आणि उरलेल्यांना त्याची काय किंमत पडते? पोरं मला खवट म्हणतात. म्हणोत.

दिवाळीनंतर कळलं की आत्या आणि मामा निघाले. गावची टोळी केव्हाच गेली होती. आता मिळाला तो परका मुकादम, कर्नाटकातला कारखाना, आणि मोळ्या वाहण्यासकट सगळं काम. मी पहिल्या एसटीनं गावी पोहोचले. वेशीजवळ ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, पिठाचे डबे, फडावर राहायच्या कोपीसाठी, म्हणजे खोपटासाठी, बांबू आणि चटया, वर माणसं. आत्यानं साडीवर मामांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला होता, उसाचं पान कापतं म्हणून. ती खाली उभी राहून गुडघ्याला फडकं आवळून बांधत होती.

मी तिथंच तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. हौद, विळा, कपाटातला कागद, वडील. तांबं कुठंच गेलं नव्हतं हे. जिवाणू जगले ते स्वतःपुरते, हे. मी रडत होते आणि मला त्या रडण्याचाही राग येत होता. आत्यानं फडक्याची गाठ मारली, ती घट्ट बसली की नाही ते बघितलं.

"भावानं मुद्दाम केलं न्हाई," ती म्हणाली. "त्याला ठाऊक नव्हतं." मग तिनं विचारलं, "पोळ्याला तू रोप उपटून बगत हुतीस. तवा तुला कळलं हुतं का?"

"हो."

"मुकादम बसला हुता तवा?"

"हो, आत्या."

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, रागानं बोललीही नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "त्या किड्यायला तोंड न्हाई गं. तुला हुतं की."

मग मामांनी वरून हात दिला, आणि दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून ती ट्रॉलीत चढली.